पिल्लू सुखरूप पोचलं

ती बॅग बंद कर आधी. दुसऱ्याची आहे म्हणून सांगितलं ना एकदा, मग त्यात हात घालून काय शोधतेयस — तुझी आई निघणार आहे का त्यातून? मुलाचे कपडे आहेत ते. बनियनी आहेत. थप्पीच्या थप्पी दिलीये बनियनींची, जसं काही इकडे लोक उघडेच फिरतात. बंद कर. आणि पाय काढू नकोस पाण्यातून, गार झालं की सांग, किटलीत अजून आहे गरम. सुजलेत बघ कसे, घोटा कुठे आहे तेसुद्धा दिसत नाहीये. एवढ्या प्रवासात एकदाही उठली नाहीस म्हणे जागेवरून. का? तर शेजारचा माणूस झोपला होता. म्हणजे त्या परक्या माणसाची झोपमोड होऊ नये म्हणून तू बाथरूमला गेली नाहीस — आणि बाथरूमला जावं लागू नये म्हणून पाणी प्यायली नाहीस — आणि खायचं घेऊन आलेली बाई काय म्हणाली ते कळलं नाही म्हणून तिला नुसतं नो. एकदा नो म्हटलं, मग शेवटपर्यंत नोच. बॅगेचं वजन वाढेल म्हणून अंगात तीन स्वेटर, एकावर एक, आणि मधल्या विमानतळावर दुसरं विमान चुकेल या भीतीनं पहाटेपासून त्या दारासमोर बसून राहिलीस, हलली नाहीस. आणि ही मुलगी इकडे पुढचं शिकायला आलीये. कशाचं शिकणार आहेस म्हणालीस? वाहतूक नियोजन. वा.

नाही, मी हसत नाहीये. मी कशाला हसू. मला फक्त एवढंच सांग की बॅग ओळखायची ही पद्धत तुला कुणी शिकवली — आईनं. अर्थात आईनं. दुकानात सगळ्या रंगांच्या बॅगा असतात, पण नाही, मळखाऊ रंग हवा. काळीच घ्यायची, आणि मग काळी ओळखू येत नाही म्हणून तिच्या मुठीला लाल चिंधी बांधायची. ही अक्कल तुझ्या एकट्या आईला सुचली असं वाटलं का तुला? मी काचेपलीकडे उभी होते ना, मला दिसत होता तो पट्टा — एकामागून एक काळ्या बॅगा येतायत आणि प्रत्येकीला लाल चिंधी. यच्चयावत आयांनी बांधल्या होत्या. एकाच शाळेत शिकल्यासारख्या सगळ्याजणी. आणि तू काय केलंस? चिंधी दिसली, ओढली बॅग. खाली नावाची चिठ्ठी होती, ती वाचली नाहीस. गाडीत तूच म्हणालीस मला — मामी, आईच्या हातची गाठ दिसली आणि एकदम भरूनच आलं, मग नाव बघायचं राहिलं. अगं, ती तुझ्या आईच्या हातची नव्हतीच. कुठल्या भलत्याच बाईची होती. म्हणजे भरून यायला तुला कुठलीही आई चालते, नाही का? थांब, पुन्हा नको सुरू करूस. तो रुमाल भिजलाय, हा घे दुसरा.

केलाय मी त्या मुलाला फोन. चिठ्ठीवर नंबर होता, वाचता येत असेल त्याला दिसतो. तुझी बॅग त्याच्याकडेच आहे. तोही तसलाच नग. धड बोलता येईना त्याला, नुसता नाक ओढत होता, म्हणाला, मावशी, त्यात माझ्या आईनं — आणि पुढे काही नाहीच. मावशी. ओळख ना पाळख, मी याची मावशी कधी झाले? संध्याकाळी येतोय बॅग घेऊन. मी म्हटलं ये, पण जिन्यातून बॅग उचलून आण, घासत आणू नकोस, खालचा म्हातारा लगेच काठीनं छत ठोकतो. आता तुम्ही दोघं मिळून बसा रडत, मी मधे टिपं पुसायला फडकं ठेवते.

बरं, मूळ मुद्दा. परत जायचंय तुला. उद्याच्या विमानानं. उद्या सकाळी कॉलेजात हजेरी द्यायचीय, तिथे गेली नाहीस की जागा गेली — हे माहीत आहे ना? माहीत आहे. तरी जायचंय. छान. मामांनी काय सांगितलं तुला, संध्याकाळपर्यंत बघतो तिकीट मिळतंय का. ते बघणारच. बहिणीनं फोनवर नुसतं हुं केलं तरी ते पाघळतात, आणि सकाळी तर वन्सं चांगल्या हुंदके देत होत्या. फोन माझ्याकडे दिला मग त्यांनी, स्वतःला झेपत नाही ना. मी कानाला लावला तर — वहिनी, पिल्लू रडतंय हो, पाठवून द्या तिला परत, नको आम्हाला ते शिक्षण. पिल्लू. बावीस वर्षांची बाई तू, पदवीधर, आणि पिल्लू. आणि घरच्या ग्रुपवर पाहिलंस का काय टाकलंय? पिल्लू सुखरूप पोचलं. त्याच्याखाली हात जोडलेले, फुलं, बदाम, सगळ्या काका-माम्यांची रांग. मग थोड्या वेळानं पुन्हा — पिल्लू जेवत नाहीये. त्याखाली रडकी तोंडं. म्हणजे मी उपाशी ठेवलंय तुला, असा निरोप गेला सगळ्या खानदानात. समोर ताट आहे की नाही? आहे ना? मग घाल घास तोंडात. चघळत बसू नकोस, गीळ.

हीच तुझी आई, सांगते तुला, मी लग्न होऊन इकडे निघाले तेव्हा दारात उभी होती. मी सगळ्यांच्या पाया पडत होते, डोळ्यांत आलं असेल थोडं पाणी, येतंच त्या वेळी — तर सगळ्यांसमोर काय म्हणावं वन्संनी? म्हणाल्या, रडतेस काय गं वहिनी, परदेशात चाललीयेस, लोकांना स्वप्नात मिळत नाही. सगळे हसले. माझी आईसुद्धा हसली, तिला वाटलं हसायचं असतं. मी त्या क्षणी डोळे पुसले ते पुसले. तुझे मामा मला या दारापर्यंत सोडून कामावर गेले, हातात किल्ली दिली, म्हणाले कुलूप उलटं फिरतं. झालं. तेवढंच स्वागत. फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या दुकानातून कार्ड आणायचं, ते नखानं खरवडायचं, त्यावरचे आकडे दाबायचे, आणि पलीकडे आई हॅलो हॅलो करत सगळ्यांना हाका मारून गोळा करेपर्यंत एक बाई मधेच सांगायची की वेळ संपत आली. मग काय बोलणार? बरं आहे. बरं आहे तेवढं सांगायचं आणि ठेवायचं. मी रडले का? नाही. रडायला निवांतपणा लागतो. — एकदा, बसमध्ये. ते धरायचं नाही, तेव्हा दिवस गेलेले होते मला.

तुला वाटतं, जगात तू एकटीच. मी कुठे काम करते माहीत आहे ना? लॉन्ड्रीत. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल — आमच्याकडे ढिगानं येतं सगळं, चाकाच्या पिंजऱ्यातून. आम्ही दोघी-तिघी आधी ते निवडतो, डागाचं वेगळं, साधं वेगळं, मग मशीनमध्ये. आणि तुला सांगते, अभ्रा हातात घेतला की मला कळतं रात्री काय झालंय त्यावर. काजळाचा डाग असतो ना, तो साधा असेल तर आडवा पुसलेला असतो, बाई तोंड न धुता झोपली एवढंच. रडलेली असेल तर दोन्ही बाजूंना ठिपके, आणि मधे पांढरं, आणि तो भाग जरा कडक झालेला असतो वाळून. पुरुषांचे तर जास्त. काजळ नसतं, पण तो कडकपणा लगेच हाताला लागतो. मोठमोठ्या हॉटेलांचे बरं का, सूटबूट घालून येणाऱ्यांचे. आमच्यातली एक म्हणते, आपण लोकांचे डाग नाही, लोकांची गाऱ्हाणी धुतो. मी म्हणते, धू मुकाट्यानं. सगळं जग गादीवर पडून रडतं, सकाळी उठून दाढी करतं आणि कामाला जातं. तुझं त्यात काय मोठं विशेष? आज तुझ्यासाठी रजा टाकली मी. सुपरवायझरला सांगितलं, घरी मुलगी येतेय. तो म्हणाला, तुझी? मी म्हटलं, नाही, नवऱ्याकडची. तो म्हणाला, मग रजा कशाला. आता काय सांगणार त्याला.

नको, ती खुर्ची ओढू नकोस टेबलाखाली, राहू दे तशीच. तिची तशीच असते. — आमच्या कन्येची. खोली तिचीच ना ही, मग कुणाची वाटली तुला? तुझी मामेबहीण गं, फोटोत पाहिलंयस. तीसुद्धा शिकायलाच गेलीये की, अशीच, दुसऱ्या देशात, विमान बदलून. मागच्याच महिन्यात. काही रडणं नाही, काही नाही. बघ, शिकण्यासारखं आहे तिच्याकडून. लहानपणापासून मी लावलेली सवय ती. पडली, गुडघा फुटला, तोंड वेडंवाकडं केलं की मी म्हणायचे, आत घे ते पाणी, आत. आणि घ्यायची. शाळेत पहिल्या दिवशी बाकीच्या पोरी आयांच्या पदराला लोंबकळत होत्या, आमची सरळ आत गेली. शिक्षिका म्हणाली, किती शहाणी मुलगी आहे तुमची. मी पेढे वाटल्यासारखं सगळ्यांना सांगत सुटले होते. विमानतळावर पण तसंच. मी आणि मामा उभे, मामांनी आधीच रुमाल बाहेर काढलेला, आणि ती — बाय आई, बाय बाबा, पोचले की मेसेज करते. गेली. मागे वळली का? आता तिथे दारं अशी असतात ना, की वळायला जागाच नसते. मागून लोक येतच असतात.

हो, बांधली होती. बॅगेला ना? मीही बांधली होती चिंधी. त्यात तोंडावर रुमाल धरण्यासारखं काय आहे, हस मोकळेपणी, हसलीस तर बरं तरी दिसतं तुझं तोंड. लालच होती. आदल्या दिवशी बांधली, चांगली घट्ट गाठ मारली, तिला कळू नये म्हणून मुठीच्या आतल्या बाजूला. सकाळी बघते तर टेबलावर पडलीये. कात्रीनं कापून काढलेली, बाजूला कात्री. म्हणाली, आई, मला ओळखता येते गं माझी बॅग. बरोबरच आहे. तिची हिरवी आहे बॅग, तिनं स्वतः निवडलेली, जगात दुसरी तसली नसेल. तिला कुणाची चुकून उचलायची वेळ येणार नाही, आणि चुकून कुणाचा फोनही यायचा नाही, मावशी म्हणून. — ती चिंधी? टाकली असेल मी. किंवा असेल कुठेतरी. काय करायचंय तुला?

करते ना मेसेज. रोज करते. मी विचारते, जेवलीस का, तिकडून अंगठा येतो. मी विचारते, थंडी आहे का, अंगठा. झोप लागते का — अंगठा. फोन नाही उचलत. म्हणजे उचलत नाही असं नाही, अभ्यासात असते, वर्गात असते, मग नंतर लिहिते, आई फोन नको, काम असेल तर मेसेज कर. कामच नसतं ना मला, तर काय मेसेज करणार? आणि ते बरंच आहे, मी म्हणते. स्वतंत्र झालं पोर. मामा उगाच चुळबुळतात, म्हणतात तुझ्यावर गेलीये. मी म्हटलं, गेलीये तर गेलीये, वाईट काय आहे त्यात. तिच्या बाबतीत मला बाई काही बघावंच लागत नाही. तुझ्या आईसारखं नाही — तुझी आई सकाळी काय करत होती माहीत आहे? रडत होती ते खरं, पण त्या रडण्यात ना एक मिजास होती. तुला नाही कळायचं, फोनवर मला कळली ती. माझी रडतेय. माझ्यावाचून जेवत नाही. माझं पिल्लू. आणि हे सांगायला फोन कुणाला, तर मला. बरोबर मला. जिची पोरगी चिंधी कापून गेली तिला. — नाही, त्यांना ते माहीत नाही. मी कशाला सांगू. मी सांगितलंय की आमची रोज तासभर बोलते.

तू काही बोलू नकोस त्यांना. तोंडात घास आहे तो संपव.

उशी बदललीये मी, चादर पण नवी आहे, खिडकीपाशी टेबल सरकवलंय तुझ्यासाठी, तिथे उजेड बरा येतो अभ्यासाला. ते मामांनी केलंय. — बरं, मी केलंय. जाणारच असशील तर परत ओढीन भिंतीकडे, त्याला काय वेळ लागतो. पाठ भरून येते थोडी, एवढंच. दोन वर्षं राहणार म्हणाले होते ना मला, म्हणून केलं. मी आधी मामांवर चिडलेच होते, आता कुठे घर मोकळं झालं तर लगेच तुमच्या बहिणीची पोर आणून बसवताय का माझ्या डोक्यावर. आणि मोकळं घर म्हणजे काय असतं तर — फ्रिजचा आवाज येतो. पूर्वी येत नव्हता. मी मेकॅनिकला बोलावलं, तो म्हणाला, फ्रिज ठीक आहे. दे ते ताट इकडे. अर्धं टाकलंस. असू दे.

कशाला बघतेस फोनकडे सारखी? आईचा येईल, येईल. तिला दुसरं काम काय आहे. — नवा नंबर आहे ना हा? मामांनी सकाळी विमानतळावरच कार्ड घालून दिलं ना तुला? म्हणजे अजून कुणाकडे नाही नंबर, आईशिवाय. हं. — दे बघू जरा. अगं दे, खात नाही मी तुझा फोन. नुसतं बघायचंय, तिकडे रेंज लागते की नाही इथून. माझ्यावरून लागत नाही कधीकधी. नंबर? पाठ आहे मला. तू पाय हलवू नकोस पाण्यात, आवाज होतो. आणि नाक ओढू नकोस, ऐकू जाईल तिला.

वाजतोय.

श्श.

घे. घे तुझा फोन. काही नाही, ठेवला तिनं. दोन-तीनदा हॅलो म्हणाली, कोण म्हणाली, मग ठेवला. मी काय बोलणार, नंबर तुझा आणि आवाज माझा, तिला वाटलं असतं आई आता असले उद्योग करायला लागली. — उचलला मात्र लगेच. पहिल्याच रिंगला. भरदिवसा खोलीतच आहे, वर्गात नाही. आणि आवाज बसलाय तिचा. नाक चोंदलेलं, हॅलोसुद्धा धड निघत नव्हतं, म्हटलं आणि मग एक श्वास — सर्दी असणार. तिकडे या दिवसांत होतेच सर्दी, नवीन हवा असते. तुझं कसं वाटत होतं सकाळी आईशी फोनवर बोलताना, तसंच वाटलं अगदी, पण तुझं वेगळं. तिची सर्दीच असणार. ती नाही रडत.

नाही ना?

असं बघू नकोस माझ्याकडे. पाय पूस आता, पाणी गार झालं, तो टॉवेल घे, पांढरा नको, तो. आणि ऐक, मामांना फोन करून सांग, उद्याचं तिकीट नको. का ते सांगायची गरज नाही, ते विचारणार पण नाहीत, सुटलो म्हणतील. काही दिवस थांब. मग जा खुशाल, मी नाही अडवणार. पण इतक्यात नको, हा नंबर इथे चालू राहायला हवा. ती बघेल ना आता, कुणाचा होता म्हणून, एखादे वेळी परत लावेल. तुझ्या आवाजात सांग, चुकून लागला होता. माझं नाव काढू नकोस. पण लगेच ठेवून देऊ नकोस — काही तरी विचार तिला, तुम्ही पण तिकडे नवीन आहात का, असं काहीही, तुला येईल ते. आणि तीच बोलायला लागली, तर बोलू दे. मधे तोंड घालू नकोस.

झोप आता जरा. दार ओढून घेते मी जाताना.